जीनलोपित लशी (पशुवैद्यकीय)

रोगकारक सूक्ष्मजंतूच्या आनुवंशिक द्रव्यातून एक वा अधिक जीन (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत नेणारी एकके) कायमचे काढून टाकून त्याची रोग उत्पन्न करण्याची क्षमता घटवितात. अशा रीतीने दुर्बल केलेल्या जिवंत वाणापासून जी लस तयार करतात, तिला जीनलोपित लस म्हणतात. हा वाण जनावराच्या शरीरात काही काळ जगतो, थोडाफार वाढतो, शरीराच्या संरक्षक यंत्रणेला आपली ओळख करून देतो आणि मग नाहीसा होतो. निदान तसे व्हावे, अशी अपेक्षा असते. ती कितपत पुरी होते यावरच अशा लशीची योग्यता ठरते.

मारलेल्या जंतूंची लस अधिक निर्धोक असताना जिवंत जंतू वापरण्याचा खटाटोप का करावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. मृत जंतू टोचले असता रक्तरसात प्रतिपिंडे तयार होतात. फऱ्या किंवा धनुर्वात यांसारख्या, जंतुविषामुळे होणाऱ्या रोगांत तेवढ्याने काम भागते. परंतु सांसर्गिक गर्भपात, क्षय व साल्मोनेला-संसर्ग या रोगांचे जंतू जनावराच्या महाभक्षी कोशिकांमध्येच, म्हणजे जंतूंना गिळून मारणाऱ्या कोशिकांच्या पोटातच, ठाण मांडून बसतात. तेथे प्रतिपिंडे पोहोचत नाहीत. त्यांच्याविरुद्ध कोशिकांद्वारे मिळणारी प्रतिरक्षा लागते आणि ती उत्पन्न करण्यास कोशिकेत शिरू शकणारा जिवंत जंतूच बहुधा समर्थ ठरतो. [⟶ प्रतिरक्षा].

पूर्वपीठिका : जंतू दुर्बल करण्याची कला जीनांच्या ज्ञानापेक्षा पुष्कळ जुनी आहे. लूई पाश्चर यांनी १८७९–८० मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या जंतूंचे जुने संवर्धन टोचून कोंबड्यांना संरक्षण मिळते असे दाखविले. मे १८८१ मध्ये फ्रान्समधील पूयी-ल-फॉर येथे त्यांनी काळपुळीच्या लशीचा जाहीर प्रयोग केला. ३१ मे रोजी सर्व जनावरांना तीव्र जंतू टोचण्यात आले. २ जून रोजी जमलेल्या लोकांना लस दिलेल्या मेंढ्या उभ्या दिसल्या; न दिलेल्या मेल्या होत्या वा मरणोन्मुख होत्या. त्या दिवशी वापरलेली लस पोटॅशियम डायक्रोमेटाची प्रक्रिया केलेली होती, हे पाश्चर यांच्या टिपणवह्यांच्या अभ्यासातून पुढे उघड झाले. तथापि त्यानंतर प्रचारात आली ती जंतू ४२° ते ४३° से. तापमानात वाढवून केलेली लस. ही लस लहरी होती. कधी तिने संरक्षण मिळत नसे, तर कधी तिनेच जनावर दगावे.

या लहरीपणाचा उलगडा होण्यास शंभर वर्षे लागली. काळपुळीच्या जंतूत मुख्य गुणसूत्राखेरीज दोन प्लाझ्मिडे (डीएनएची स्वतंत्र वर्तुळाकार सूत्रे) असतात. एकावर जंतुविषाचे जीन असतात व दुसऱ्यावर जंतूभोवतीच्या संपुटाचे. जास्त तापमानात जंतू वाढविले की, विषाचे प्लाझ्मिड गळून पडते, हे १९८३ मध्ये दिसून आले. ज्या प्रथिनाविरुद्ध प्रतिरक्षा निर्माण होऊन जनावर वाचते, त्याचा जीन नेमका याच प्लाझ्मिडावर असतो. म्हणजे पाश्चर-पद्धतीत जो भाग राहावयास हवा तोच नाहीसा होत होता आणि लशीचा गुण संवर्धनात शिल्लक राहिलेल्या थोड्याशा अखंड जंतूंवर अवलंबून होता. याउलट दक्षिण आफ्रिकेतील ऑन्डरस्टीपोर्ट येथे माक्स स्टर्न यांनी १९३०–४० या दशकात संपुटरहित वाण निवडून काढला, त्यात संपुटाचे प्लाझ्मिड गेलेले आहे व विषाचे शाबूत आहे. संपुट नसल्यामुळे शरीरातील भक्षक कोशिका त्याला सहज गिळतात, परंतु प्रतिजन मात्र पूर्ण मिळतो. स्टर्न यांना प्लाझ्मिड ही कल्पनाही ठाऊक नव्हती. त्यांनी केवळ वसाहतींचे रूप पाहून निवड केली आणि ती इतकी अचूक ठरली की, त्यांच्या वाणाच्या बीजुकांची लस आजही जगभर गुरामेंढरांना टोचतात. शेळ्यांत मात्र तिची थोडी तीव्रता अधूनमधून जाणवते.

बीसीजी लशीचा इतिहासही असाच आहे. आल्बेअर काल्मेत व कामीय गेरँ यांनी गाईपासून मिळालेला क्षयाचा जंतू १९०८ ते १९२१ या काळात पित्तयुक्त बटाट्याच्या माध्यमावर सुमारे २३० वेळा पुनःपुन्हा वाढविला. या प्रदीर्घ प्रवासात त्याच्या डीएनएचे काही तुकडे गळाले. त्यांतील एका तुकड्याचा लोप हे त्याच्या दुर्बलतेचे प्रमुख कारण असल्याचे १९९० नंतरच्या संशोधनाने दाखविले. सारांश, जुन्या यशस्वी लशींपैकी कित्येक लशी मुळात जीनलोपितच होत्या. फरक एवढाच की, कोणता जीन लोपला हे त्या करणाऱ्यांना माहीत नव्हते. ज्ञात जीन हेतुपुरस्सर काढण्याची पद्धती १९८० च्या सुमारास सुरू झाली.

आरो-ए वाण : स्टॅनफर्ड विद्यापीठातील सूझन हॉइसेथ व ब्रूस स्टॉकर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेले कार्य या विषयाचा पाया समजले जाते. सूक्ष्मजंतू व वनस्पती साध्या द्रव्यांपासून ॲरोमॅटिक संयुगे तयार करू शकतात. प्राण्यांच्या शरीरात हा रासायनिक मार्गच नसतो. या मार्गातील एका एंझाइमाच्या जीनाला आरो-ए म्हणतात. (ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतींतील याच एंझाइमाला रोधून त्यांना मारते.) आरो-ए नसलेल्या साल्मोनेला जंतूला पॅरा-ॲमिनोबेंझॉइक अम्ल बाहेरून मिळावे लागते. प्रयोगशाळेतील माध्यमात ते घालता येते, परंतु प्राण्यांच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) ते जंतूला पुरेल इतके नसते. फॉलिक अम्ल शरीरात असते, पण ते आत घेण्याची सोय या जंतूपाशी नाही. परिणामी जंतू कोशिकेत शिरतो, काही पिढ्या कशाबशा काढतो आणि उपासमारीने थांबतो. तोवर जनावराची प्रतिरक्षा जागी झालेली असते.

हॉइसेथ व स्टॉकर यांनी प्रथम जीनामध्ये एक चल डीएनए-खंड घुसवून तो बंद पाडला व नंतर त्या खंडाबरोबर जीनाचा भागही निघून गेलेले जंतू निवडले. ही दुसरी पायरी महत्त्वाची आहे. जीनात एखादेच अक्षर बदललेले असेल, तर ते उलट बदलून जंतू पुन्हा तीव्र होऊ शकतो. घुसविलेला खंडही बाहेर पडू शकतो. पण जो मजकूर पानावरून फाडूनच टाकला आहे तो जंतूला आपला आपण पुन्हा लिहिता येत नाही. असे वाण उंदरांत निर्धोक व संरक्षक ठरले. लवकरच वासरांतही त्यांची परीक्षा झाली. गोठ्यातील लहान वासरांना हगवण व रक्तदोष यांमुळे मृत्यू आणणाऱ्या साल्मोनेला-संसर्गापासून त्यांनी संरक्षण दिले.

जीनाची निवड : कोणता जीन काढावयाचा हा या शास्त्रातील खरा अवघड प्रश्न आहे. एक वर्ग आरो-ए सारख्या पोषणविषयक जीनांचा आहे. दुसरा वर्ग नियंत्रक जीनांचा असून यातील एक जीन काढला की, त्याच्या हुकमतीखालील अनेक जीन एकदम मंदावतात. रॉय कर्टिस व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये वर्णन केलेल्या साल्मोनेला वाणात चक्रीय एएमपी या संदेशवाहक द्रव्याशी संबंधित दोन जीन काढलेले होते. या तत्त्वावरील लशीला अमेरिकेत १९९८ मध्ये कोंबड्यांसाठी परवाना मिळाला. तिसरा वर्ग जंतुविष, संपुट किंवा पृष्ठभागावरील शर्करा-शृंखला यांसारख्या प्रत्यक्ष आक्रमणाच्या साधनांचा. येथे जपून निवड करावी लागते, कारण आक्रमणाचे साधन हेच पुष्कळदा संरक्षण देणारे प्रतिजनही असते.

दुर्बलीकरण कमी पडले तर लस रोग देते, अधिक झाले तर ती निरुपयोगी होते. प्यूरीन द्रव्ये तयार करण्याचे जीन काढलेले साल्मोनेला वाण निर्धोक ठरले. पण त्यांनी फारसे संरक्षणही दिले नाही. जंतू इतका अशक्त झाला होता की, शरीराने त्याची दखलच घेतली नाही. शिवाय एका जनावरात योग्य ठरलेले विलोपन दुसऱ्यात तसेच ठरेल असे नाही. त्यामुळे उंदरांवरील निष्कर्षांवरून गाईविषयी अनुमान काढण्याची घाई अनेकदा महागात पडली आहे.

एखाद्या जीनामुळेच तीव्रता येते हे सिद्ध करण्यासाठी स्टॅन्ली फॉल्को यांनी १९८८ मध्ये काही कसोट्या मांडल्या. त्यांचा आशय असा : जीन काढला असता तीव्रता घटली पाहिजे व तोच जीन परत घातला असता ती परत आली पाहिजे. ही दुसरी कसोटी न लावता केलेली विधाने पुढे मागे घ्यावी लागतात. त्याचे एक बोधप्रद उदाहरण ब्रुसेला जंतूच्या संदर्भात पुढे आले आहे.

विलोपनाची कृती : काढावयाच्या जीनाच्या दोन्ही बाजूंचे डीएनएचे तुकडे घेऊन ते मधला जीन वगळून एकमेकांस जोडतात व अशा प्लाझ्मिडात बसवितात की, जे त्या जंतूत स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. या प्लाझ्मिडावर एका प्रतिजैव औषधाला दाद न देण्याचा जीन व साखरेपासून जंतूला मारक द्रव्य बनविणाऱ्या एंझाइमाचा जीन असे दोन खुणेचे जीन असतात. प्लाझ्मिड जंतूत घातल्यावर ते औषध असलेल्या माध्यमावर जे वाढतात, त्यांच्या गुणसूत्रात सारख्या क्रमाच्या तुकड्यांच्या आधारे अखंड प्लाझ्मिड सामावलेले असते. हेच जंतू मग साखर असलेल्या माध्यमावर वाढवितात. तेथे ज्यांनी प्लाझ्मिड पुन्हा बाहेर टाकले तेच जगतात. बाहेर पडताना प्लाझ्मिड एक तर जुना जीन तसाच ठेवते किंवा त्याला बरोबर घेऊन जाते. दोहोंतील योग्य जंतू डीएनएच्या तपासणीने वेगळे काढतात. अखेरच्या वाणात परका जीन किंवा औषधरोधाची खूण राहत नाही. लशीच्या दृष्टीने ही गोष्ट आवश्यक आहे, कारण औषधाला दाद न देणारे जंतू गोठ्यात सोडणे म्हणजे एक रोग घालवून दुसरे संकट आणणे होय.

किरिल डात्सेन्को व बॅरी वॉनर यांनी २००० मध्ये एश्चेरिकिया कोलाय या जंतूसाठी लॅम्डा या जंतुभक्षक व्हायरसाच्या एंझाइमांवर आधारलेली अधिक सोपी रीत दिली. तीत जेमतेम ४०–५० क्षारकांचे साम्य पुरते. क्रिस्पर पद्धतीमुळे हे काम आणखी झटपट झाले आहे. तथापि वाण तयार करणे हा आता या कामाचा सोपा भाग आहे. वेळ जातो तो त्याची जनावरांत परीक्षा करण्यात.

ब्रुसेला : गाई-म्हशींच्या सांसर्गिक गर्भपाताचा हा जंतू जीनलोपित लशींच्या गुणदोषांचे सर्वांत चांगले दर्शन घडवितो. गाभण जनावर बहुधा सातव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, दूध घटते. जंतू दुधातून व वारेच्या स्रावातून माणसाकडे येऊन त्याला दीर्घकाळचा ताप व सांधेदुखी जडते. गोठ्यात विणीच्या वेळी हाताने मदत करणारे पशुपालक व पशुवैद्य यांना हा धोका विशेष असतो. [⟶ सांसर्गिक गर्भपात].

जॉन बक यांनी १९२३ मध्ये अमेरिकेत एका जर्सी गाईच्या दुधातून मिळविलेला वाण वर्षभराहून अधिक काळ प्रयोगशाळेत साध्या तापमानाला पडून राहिला व दुर्बल झाला. तोच एस १९ वाण होय. त्याच्या गुणसूत्रातून सुमारे ७०० क्षारक-जोड्यांचा एक तुकडा नाहीसा झाला असल्याचे पुढे आढळले. हा तुकडा एरिथ्रिटॉल या शर्करा-अल्कोहॉलाचा वापर करणाऱ्या जीनांचा आहे. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल विपुल असते व मूळ जंतू ते आवडीने वापरतो. एस १९ ची वाढ मात्र त्याने खुंटते. तेव्हा दुर्बलतेचे कारण हेच असले पाहिजे, असे अनुमान सर्वांना पटण्याजोगे होते. परंतु मूळ तीव्र वाणातून हेच जीन मुद्दाम काढून पाहिले तेव्हा उंदरांतील त्याची तीव्रता कमी झाली नाही (१९९८). एस १९ दुर्बल आहे, त्यात जीन लोपलेला आहे, पण तो लोप हे त्या दुर्बलतेचे कारण नव्हे.

एस १९ लशीने गुरांना चांगले संरक्षण मिळते, पण तिच्यात तीन उणिवा आहेत. गाभण गाईला टोचल्यास ती गाभडू शकते. वळूंना ती देता येत नाही. टोचताना सुई स्वतःला लागल्यास माणसाला रोग होऊ शकतो. चौथी अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. जंतूच्या पृष्ठभागावरील ओ-शर्करा-शृंखलेविरुद्ध जी प्रतिपिंडे बनतात तीच रोगनिदानाच्या समूहन-परीक्षेत पाहिली जातात. लस मोठ्या वयात दिली, तर ही प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकतात व गाय रोगी आहे की नुसती टोचलेली, हे सांगता येत नाही. म्हणूनच ही लस लहान कालवडींनाच देतात. भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना ती देण्याची योजना आहे.

ओ-शृंखलाच नसलेला आरबी ५१ हा वाण १९८२ मध्ये अमेरिकेत मिळविण्यात आला व १९९६ मध्ये तेथे त्याला मान्यता मिळून त्याने एस १९ ची जागा घेतली. या वाणाने निदानाचा घोटाळा मिटला. पण तो रिफॅम्पिसिनयुक्त माध्यमावर वाढवून निवडलेला असल्याने या औषधाला दाद देत नाही आणि माणसातील ब्रुसेला-रोगावर तर हे प्रमुख औषधांपैकी एक आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत कच्चे दूध प्यालेल्या काही व्यक्तींना या लशीच्याच जंतूचा संसर्ग झाल्याचे आढळले. खुणेसाठी वापरलेला औषधरोध वाणात शिल्लक ठेवू नये, हा नियम का आवश्यक आहे हे यावरून ध्यानात येते.

भारतापुढील प्रश्न अमेरिकेपेक्षा बिकट आहे. तेथे परीक्षेत सापडलेली गाय कत्तलखान्याकडे पाठवून कळप स्वच्छ करता येतो. येथे कायदा, लोकभावना व एकदोन जनावरांवर चालणारा संसार यांमुळे तो मार्ग बंद आहे. तेव्हा सगळी भिस्त लशीवर व टोचलेले जनावर ओळखता येण्यावर राहते. इज्जतनगर (उत्तर प्रदेश) येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने एस १९ मधूनच ओ-शृंखलेच्या घडणीस लागणाऱ्या पेरोसामीन सिंथेटेज या एंझाइमाचा जीन काढून एक वाण तयार केला आहे. मूळ लशीची उरलीसुरली तीव्रता कमी करणे व निदानातील घोटाळा टाळणे, असा त्यामागील दुहेरी हेतू आहे. परिचित वाणालाच थोडी कात्री लावण्याचा हा मार्ग नवा वाण आणण्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

टोचलेले व रोगी जनावर वेगळे ओळखणे : ही सोय जीनलोपित लशींचा मोठा लाभ मानला जातो. तिचे पहिले मोठे यश सूक्ष्मजंतूंत नसून व्हायरसांत आहे. डुकरांच्या औयेस्की रोगाच्या व्हायरसातील एका पृष्ठ-प्रथिनाचा जीन नसलेली लस टोचली की, त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे फक्त खऱ्या संसर्गातच सापडतात; या युक्तीने अनेक देशांनी तो रोग घालविला. गाईंच्या क्षयाबाबत अडचण अशी की, बीसीजी टोचलेली गाय ट्युबरक्युलीन-परीक्षेत रोगी ठरू शकते. बीसीजीमध्ये मुळातच नसलेल्या दोन प्रथिनांचा परीक्षेत उपयोग करणे हा यावरील एक उपाय होय. दुसरा उपाय उलट दिशेचा आहे. ट्युबरक्युलिनातील काही प्रतिजनांचे जीन बीसीजीमधूनच काढून टाकलेला वाण ब्रिटनमध्ये तयार करण्यात आला व गिनीपिगांवरील त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

इतर लशी : घोड्यांच्या घशातील लसीका ग्रंथींत गळू होणाऱ्या स्ट्रँगल्स रोगावरील आरो-ए लोपित स्ट्रेप्टोकॉकस लस यूरोपात २००४ मध्ये आली. ती ओठाच्या आतील बाजूस टोचतात, कारण स्नायूत टोचल्यास तेथेच गळू होते. कोंबड्यांतील एश्चेरिकिया कोलाय-संसर्गावरील आरो-ए लोपित लस फवाऱ्याने देतात. तिला यूरोपात २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पावसाळ्याच्या तोंडी म्हशी पटापट दगावणाऱ्या घटसर्पाच्या पाश्चुरेला जंतूचेही आरो-ए लोपित वाण करून वासरांत त्यांची परीक्षा झाली आहे. प्रचारात मात्र अद्याप मृत जंतूंचीच लस असून तिची प्रतिरक्षा अल्पकाळ टिकते. घटसर्प ही आपल्याकडील म्हशींची मोठी आपत्ती असल्याने या दिशेने अधिक काम होणे निकडीचे आहे.

मायकोप्लाझ्मा जंतूंत जीन काढण्याच्या नेहमीच्या रीती नीट चालत नाहीत. म्हणून शेळ्यांतील एका तीव्र वाणाचे संपूर्ण गुणसूत्र यीस्टच्या कोशिकेत ठेवून, तेथे त्यातून ६८ जीन कापून, ते दुसऱ्या मायकोप्लाझ्मा कोशिकेत घालण्याचा प्रयोग करण्यात आला (२०१९). मूळ जंतू टोचलेल्या शेळ्या थोड्याच दिवसांत गंभीर आजारी झाल्या. काटछाट केलेला जंतू टोचलेल्या शेळ्यांत रोगाचे लक्षण दिसले नाही. हा प्रयोग दुर्बलीकरणाचा होता, संरक्षणाचा नव्हे.

सुरक्षितता व वापर : लशीचा वाण शेणातून वा दुधातून बाहेर पडून दुसऱ्या जंतूंकडून हरवलेला जीन परत मिळवील काय, ही मुख्य शंका असते. म्हणून परस्परांपासून दूर असलेले दोन जीन काढण्याची प्रथा पडली आहे. एक परत मिळाला तरी दुसरा उणाच राहतो. परवान्यापूर्वी वाण एका जनावरातून दुसऱ्यात असा ओळीने पाच वेळा नेऊन तो तीव्र होत नाही ना, हे पाहतात. भारतात असे वाण १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांच्या कक्षेत येतात व ते मोकळ्या वातावरणात वापरण्यापूर्वी जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची संमती लागते.

गोठ्यापर्यंत पोहोचताना आणखी काही गोष्टी आड येतात. जिवंत लस गोठवून वाळविलेल्या स्वरूपात २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते. द्रव मिसळल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते. उन्हात राहिलेल्या कुपीतील जंतू मेले असले तरी कुपी पाहून ते कळत नाही. त्याच सुमारास जनावराला प्रतिजैव औषध दिले असेल, तर लशीचे जंतूही त्याने मरतात. म्हणून टोचण्यापूर्वी अलीकडे कोणते औषध दिले होते याची पशुपालकाकडे चौकशी करणे आवश्यक असते. टोचणाऱ्याने हातमोजे व डोळ्यांवर चष्मा घालावा, वापरलेल्या सुया व कुप्या उकळून वा जाळून नष्ट कराव्यात आणि सुई लागल्यास कोणत्या वाणाची लस होती हे डॉक्टरांना सांगावे, कारण औषधाची निवड त्यावर अवलंबून असते.